पक्षकार क्रमांक दोन

क्षेमकल्याणी वकील यादी मोठ्यानं वाचत होते. वेगळं व्हायला आलेल्या माणसांसमोर ते नेहमी असंच वाचत असावेत, बातम्या दिल्यासारखं, एका सुरात, म्हणजे कुणाला मध्येच रडायला जागा सापडू नये. इंदिरानगरची सदनिका, पक्षकार क्रमांक एक. त्र्यंबक रस्त्यावरचा प्लॉट, पक्षकार क्रमांक एक. फ्रीज, रंगीत टीव्ही, दिवाण, लोखंडी कपाट, शिलाई मशीन, मिक्सर, पक्षकार क्रमांक एक. उपेंद्र ऐकत होता. आपली बाजू संपेल, मग तिची सुरू होईल, आणि मग कशाला हरकत घ्यायची हे त्यानं सातपूरच्या कारखान्यातून येताना स्कूटरवरच ठरवून ठेवलं होतं. शिलाई मशीन तिला सोडायचं. टीव्हीवर अडून बसायचं. प्लॉटबद्दल आधी नाही म्हणायचं आणि मग, तिचा चेहरा बघून, अर्धा द्यायचा. वकिलांनी पान उलटलं. "पक्षकार क्रमांक दोन यांना," ते त्याच सुरात म्हणाले, "वरीलपैकी कोणत्याही स्थावर अथवा जंगम मालमत्तेत हिस्सा नको असून त्या आपला हक्क राजीखुशीनं सोडत आहेत." आणि कागद टेबलावर ठेवून त्यांनी पेनाचं टोपण काढलं.

"पुढे?" उपेंद्र म्हणाला.

"पुढे सह्या."

त्यानं अनसूयाकडे पाहिलं. ती भिंतीकडच्या खुर्चीत पर्स मांडीवर घेऊन बसली होती, बसस्टँडवर बसावं तशी. ऑक्टोबरातली दुपार होती, पंखा फिरत होता पण वारा येत नव्हता, आणि तिच्या कानामागून घामाचा एक ओघळ ब्लाउजच्या काठापर्यंत गेला होता. अकरा वर्षांत हा ओघळ आपण कितीदा पाहिला असेल, असं त्याला वाटलं, आणि लगेच दुसरं वाटलं, की आता तो कोण बघणार आहे. हे दुसरं वाटणं नवं नव्हतं. पण एरवी त्याच्यापुढे एखादं नाव असायचं, एखादा चेहरा, एखादी मोटारसायकल. आज काहीच नव्हतं. नुसता प्रश्न छातीत येऊन बसला आणि उठेना.

"असं कसं?" तो म्हणाला. "काहीच नको?"

"नको," अनसूया म्हणाली.

"पातेलंसुद्धा नको?"

"खरंच नको. तुम्ही सही करा ना."

वकील त्याच्याकडे थोड्या नवलानं पाहायला लागले. त्यांच्यासमोर बायका मंगळसूत्राच्या वाट्यांवरून भांडल्या असतील, नवरे गॅसच्या शेगडीवरून. दोघांच्या नावावरचं घर बायको फुकट सोडतेय आणि नवरा कुरकुरतोय, असं त्यांनी पाहिलं नसावं. उपेंद्रनं पेन हातात घेतलं, परत ठेवलं. "अशी सही मी करणार नाही," तो म्हणाला. "हे अन्यायाचं आहे. तिच्यावर." त्याचा आवाज किंचित कापला, आणि त्या कापण्याचा वकिलांवर परिणाम झाला. ते मऊ आवाजात म्हणाले, "गायधनी, तुमच्यासारखी माणसं कमी असतात हो." अनसूयानं फक्त डोळे मिटून घेतले, डोकं दुखत असल्यासारखे, आणि त्याला कळलं की या अडण्यामागे काय आहे ते तिला समजलंय.

त्या दिवसापासून तो एकाच गोष्टीचा विचार करत राहिला. जी बाई घरातून डावसुद्धा नेत नाही, ती अशा घरी जात असणार जिथे डाव आधीच आहे. इतकं सरळ होतं ते. कारखान्यात तो तपासनीस होता. तयार झालेला भाग हातात घ्यायचा, मापात बसतो का पाहायचं, नाही बसला तर कुठे चुकलाय ते मागे मागे जात शोधायचं, हे त्याचं काम, आणि यात तो हुशार होता. आता तो अनसूयामध्ये असाच मागे मागे जायला लागला. जूनमध्ये ती घर सोडून मैत्रिणीकडे गेली तेव्हा तिच्याजवळ एक बॅग होती. एकच का? आईचे दागिने तर ती वर्षभरापूर्वीच इगतपुरीला भावाकडे ठेवून आली होती. वर्षभरापूर्वीच का? "मला कंटाळा नाही आलाय," ती जाताना म्हणाली होती, "मी दमलेय." दमलेलं माणूस बसायला जागा शोधतं. कुणाकडे? रिकाम्या सदनिकेत तो या खोलीतून त्या खोलीत फिरायचा. स्वयंपाकघरात डबे ओळीनं होते, त्यांच्यावर तिच्या अक्षरात चिठ्ठ्या होत्या, रवा, पोहे, साबुदाणा, आणि ते सगळं आता पक्षकार क्रमांक एकचं होतं. तो डबा उघडून बघायचा आणि बंद करायचा. एक दिवस त्यानं साबुदाण्याच्या डब्यात हात घालून तळापर्यंत चाचपलं. काय शोधतोय हे त्याचं त्यालाच सांगता आलं नसतं.

पहिल्यांदा हे असं खुपलं ते लग्नाच्या आदल्या दिवशी. दोन्ही घरं एकाच कार्यालयात उतरली होती, आणि तो काही निरोप घेऊन बायकांच्या बाजूला गेला तर अनसूया कासारापुढे बसून हिरवा चुडा भरत होती. कासार म्हातारा होता, साठीच्या पुढचा, तोंडात एक दात. त्यानं तिचा हात आपल्या दोन्ही हातांत धरला होता आणि तो पंजा दाबून, अंगठा आत मुडपून, बांगडी हळूहळू चढवत होता. "ढिला सोड पोरी, ढिला सोड," तो म्हणत होता, आणि तिनं हात ढिला सोडला होता. पुरता. त्या हातात हाडं नाहीत असं वाटत होतं. उपेंद्र दारात उभा राहून बघत राहिला. पुढे अकरा वर्षं तो हात त्याच्या हातात किती वेळा आला, पण तितका ढिला कधीच झाला नाही. असं त्याचं म्हणणं होतं. एकदा हे त्यानं तिला बोलून दाखवलं तेव्हा ती हसायला लागली, तिला गंमत वाटली, आणि मग त्याचा चेहरा पाहून ती हसायची थांबली. तिच्या नावाचा अर्थ भटजींनी मंगलाष्टकं झाल्यावर सगळ्यांना समजावून सांगितला होता, जिच्या ठिकाणी असूया नाही ती. तिच्यात नव्हतीच. म्हणून घरातली सगळी आपल्या वाट्याला आली असावी, असं त्याला अलीकडे कधी कधी वाटायचं.

नंतर त्र्यंबकेश्वरचा फोटोवाला झाला. लग्नाचं दुसरं वर्ष होतं, दर्शन झाल्यावर देवळाबाहेर एका पोरगेल्या फोटोवाल्यानं त्यांना उभं केलं आणि अनसूयाला म्हणाला, "ताई, जरा हसा की, देवानं ऐकलंय तुमचं." आणि ती हसली. तो फोटो अजून दिवाणाच्या खणात होता. त्यात उपेंद्र समोर बघतोय आणि ती फोटोवाल्याकडे बघून दात दिसेपर्यंत हसतेय. मग तिच्या पाटबंधारे खात्यातला सुनील खैरनार. गंगापूर धरणावर ऑफिसची पाहणी होती, परतायला बस चुकली म्हणून खैरनारनं तिला मोटारसायकलवरून इंदिरानगरच्या कोपऱ्यावर सोडलं. कोपऱ्यावर, फाटकाशी नाही. फाटकाशी का नाही, हा प्रश्न त्यानं तिला तीन वर्षांत किती वेगवेगळ्या पद्धतीनं विचारला असेल! जेवताना, दिवा मालवल्यावर, तिच्या आईच्या तेराव्याला इगतपुरीला जाताना रेल्वेच्या डब्यातसुद्धा. "तुम्हीच बघितलं असतं तर विचारलं असतं ना, म्हणून कोपऱ्यावर," असं तिनं एकदा थकून सांगितलं. त्याला ती कबुली वाटली.

तेव्हा आता खैरनारच असणार. दिवाळीची सुट्टी संपल्यावर त्यानं कारखान्याबाहेरच्या एसटीडी बूथवरून तिच्या ऑफिसला फोन लावला आणि आवाज थोडा जाड करून खैरनारसाहेबांना बोलवायला सांगितलं. पलीकडच्या शिपायानं विचारलं, "कोण खैरनार? सुनीलसाहेब? ते तर गेले कळवणला बदली होऊन, दोन वर्षं झाली. घरच्यांना घेऊनच गेले." उपेंद्रनं फोन ठेवला. सुटल्यासारखं वाटायला हवं होतं. पण दातात अडकलेलं काही निघून गेल्यावर जीभ पुन्हा पुन्हा त्या रिकाम्या जागेशी जाते तसं त्याचं झालं. खैरनार होता तोपर्यंत निदान माहीत होतं कुणाकडे बघायचं. दोन वर्षं त्यानं त्या माणसाला मनातल्या मनात किती खाऊ-पिऊ घालून मोठा केला होता, आणि तो बिचारा बायकोपोरांना घेऊन कळवणला पाटाच्या पाण्याची मोजमापं करत बसला होता.

मग त्यानं वकिलांना कळवलं की निम्मी वाटणी झाल्याशिवाय आपण सही करणार नाही. प्लॉट तिला, घर मला, आणि वस्तूंमधल्या निम्म्या तिनं घेतल्याच पाहिजेत. ही बातमी नातेवाइकांत पसरली. जो तो त्याला चांगलं म्हणायला लागला. त्याची मावशी म्हणाली, अशा माणसाला सोडून जाते म्हणजे काय म्हणावं. एका रविवारी अनसूयाचा मोठा भाऊ श्रीपाद इगतपुरीहून आला. साधा माणूस, रेल्वेतच चिकटलेला, वडील गार्ड होते त्यांच्याच ओळखीनं. तो दिवाणाच्या कडेला बसला, पाण्याचा पेला दोन्ही हातांत धरून म्हणाला, "उपेंद्रराव, झालं ते झालं. पण तुम्ही तिचं नुकसान होऊ दिलं नाहीत हे आम्ही विसरणार नाही." त्याच्या डोळ्यांत पाणी होतं. उपेंद्र त्या पाण्याकडे बघत राहिला. त्याला लाज वाटली, पण ती फार आतून कुठून तरी आली आणि वर येईपर्यंत तिचं दुसरंच काही झालं. तो म्हणाला, "ती राहते कुठे सध्या? म्हणजे सामान पोचवायचं तर." श्रीपाद म्हणाला, "मैत्रिणीकडून निघाली. खोली घेतलीय पंचवटीत. मीही अजून बघितली नाही." मीही अजून बघितली नाही! सख्ख्या भावालाही दाखवत नाही. उपेंद्रनं त्याला आग्रह करून जेवायला ठेवून घेतलं.

तिचा फोन दोन दिवसांनी आला. "हे काय चाललंय तुमचं?" ती म्हणाली. तिच्या आवाजामागे रहदारी होती, म्हणजे ती बूथवरून बोलत होती, म्हणजे खोलीत फोन नव्हता. किंवा होता आणि त्यावरून तिला बोलायचं नव्हतं.

"तुझा हक्क आहे," तो म्हणाला.

"मला हक्क नकोय. मला तारीख हवीय."

"वस्तू घेतल्यास की तारीख."

बूथमधल्या यंत्राची टिकटिक त्याला ऐकू येत होती. "ठीक आहे," ती शेवटी म्हणाली. "प्लॉट घालू दे वकिलांना माझ्या नावावर. आणि कपाट द्या. बाकी काही पाठवलंत तर परत पाठवीन."

"पत्ता?"

मग तिनं पत्ता सांगितला. पेठ नाक्याच्या अलीकडची गल्ली, पिठाच्या गिरणीसमोर, तानुबाईंचं घर, माडीवर. "मी ऑफिसला असेन," ती म्हणाली. "किल्ली तानुबाईंकडे ठेवते." पत्ता सांगताना तिचा आवाज, घरझडतीला आलेल्या माणसाला दार उघडून द्यावं, तसा सपाट होता. त्यानं तो कारखान्याच्या तपासणी-चिठ्ठीच्या मागे लिहून घेतला आणि चिठ्ठी शर्टाच्या खिशात ठेवली. दिवसभर तो तिथे हात लावून बघत होता.

नोव्हेंबरअखेर कोर्टात अर्ज दाखल झाला, सहा महिन्यांनंतरची तारीख पडली, आणि डिसेंबरातल्या एका बुधवारी त्यानं रजा काढून कपाट टेम्पोत चढवलं. थंडी कडाक्याची होती. टेम्पोवाला काळू आणि त्याचा एक हमाल दोघंही मफलर गुंडाळून होते, गोदावरीच्या पुलावरून जाताना पाण्यावरून धूर निघाल्यासारखं दिसत होतं. उपेंद्र काळूच्या शेजारी बसला होता. तिथे काय काय दिसेल ते तो मनात एकेक करून बघत होता. दाराबाहेर पुरुषी चपला. खुंटीला लेंगा. आरशाच्या फळीवर दाढीचा ब्रश. तो ब्रश त्याला इतका स्पष्ट दिसायला लागला की त्याच्या दांड्याचा रंगही ठरला, तपकिरी. तो सापडला तर काय करायचं हे मात्र त्यानं ठरवलं नव्हतं. सापडावा असं वाटत होतं एवढंच.

तानुबाई पन्नाशीच्या, नऊवारी, कपाळाला गोंदलेलं. त्यांनी किल्ली दिली आणि कोण, कुठले, असं काही न विचारता आधी हमालाला दम दिला, "जिना नवा हाय, कोपरे घासू नका." कपाट वर गेलं. काळू आणि हमाल खाली जाऊन बिडी ओढायला लागले, आणि उपेंद्र खोलीत एकटा राहिला.

खोलीत काहीच नव्हतं. म्हणजे एक गादी होती, घडी करून भिंतीला लावलेली. एक स्टो, एक पातेलं, एक ताट, एक वाटी. तांब्यावर एक पेला पालथा. एक खुर्ची खिडकीशी, तिच्यावर उन्हाचा तुकडा. दोरीवर त्याच्या ओळखीच्या दोन साड्या आणि एक अनोळखी, पिवळी. उपेंद्रनं मोरी पाहिली, साबण पाहिला, उशीचा अभ्रा नाकाशी नेला. खोबरेल तेल, तिचं. कोनाड्यात पुस्तकाखाली काही दडलंय का पाहिलं. तिथे एक कंगवा होता आणि त्यात केस होते, तिचेच, एक पांढरा. तो पुन्हा खोलीच्या मध्यात येऊन उभा राहिला. कुणी नव्हतं. इथे कुणीही येत नव्हतं. त्यानं इतकी वर्षं ज्याला दारामागे, पलंगाखाली, फोनच्या पलीकडे शोधलं तो माणूस नव्हताच, आणि ती त्या नसलेल्या माणसाकडे नाही तर या एका ताटाकडे, एका पेल्याकडे, या खुर्चीकडे निघून आली होती. घर, प्लॉट, डबे, आणि तो, एवढं सगळं एका बाजूला ठेवून तिनं हे निवडलं होतं. तो खुर्चीत बसला. खिडकीतून गिरणीचं पत्र्याचं छप्पर दिसत होतं आणि त्याच्यावर मांजर पसरलं होतं. रोज ती इथे बसत असणार, चहा घेऊन, हे बघत. त्याला त्या छपराचा राग आला. खुर्चीच्या हातांवर तिचे हात टेकत असतील, तिथे लाकूड थोडं गुळगुळीत झालं होतं, की ते आधीपासूनच तसं होतं? खैरनारचा कधी आला नव्हता इतका मत्सर त्याला त्या लाकडाचा आला, आणि मोटारसायकलच्या मागे धावता येतं तसं याच्या मागे धावता येत नव्हतं.

जिन्यात पावलं वाजली. तानुबाई चहा घेऊन आल्या होत्या. "बसा, बसा," त्या म्हणाल्या. "भाऊ का तुम्ही बाईंचे?"

"नातेवाईक," तो म्हणाला.

"लय गुणाची बाई. येणं नाय, जाणं नाय, कोणाच्या अध्यात नाय. एकच हे," त्या तोंडाला पदर लावून हसल्या, "शीळ घालत्यात."

"काय घालतात?"

"शीळ हो. पाखरावानी. सकाळी सहाला उठल्या की सुरू. येवढी मोठी सरकारी बाई, मला आधी वाटलं गल्लीतलं पोरगं कोणी. आता आमच्या गिरणीवाल्याला त्याशिवाय करमत नाय. गाणंच्या गाणं वाजवतात, अगदी सुरात." त्यांनी कपाचा कान पुसला. "तुम्हाला म्हायती असंल की."

"हो," उपेंद्र म्हणाला. "माहीत आहे."

परत येताना काळू काहीतरी बोलत होता, ते त्याच्या कानावर येत होतं पण आत जात नव्हतं. शीळ. अनसूयाला शीळ घालता येते. अकरा वर्षं तो तिच्यावर पाळत ठेवून होता, तिच्या पर्समधले बसच्या तिकिटांचे तुकडे त्याला तोंडपाठ असायचे, फोनवर ती किती वेळा हसली ते तो दुसऱ्या खोलीतून मोजायचा, आणि ही एवढी मोठी गोष्ट त्याला ठाऊक नव्हती. कुणी शिकवली? कधी? ओठांचा चंबू करून ती कशी दिसत असेल? त्यानं ते डोळ्यांसमोर आणायचा प्रयत्न केला आणि त्याला जमलं नाही, तो चेहरा त्याच्याकडे नव्हताच. गिरणीवाल्याकडे होता. निदान आवाज तरी होता. इगतपुरीच्या रेल्वे क्वार्टर्समध्ये पावसाळाभर धुक्यात घरं दिसेनाशी होत, तेव्हा वडील ड्यूटीवरून येताना खालूनच शीळ घालायचे आणि आई कंदील दाराशी आणायची, असं तिनं एकदा सांगितलं होतं खरं. त्यानं तेव्हा विचारलं होतं, शेजारी कोण राहायचं.

संध्याकाळी जिन्यात त्याला शेजारच्या पल्लवी वहिनी भेटल्या. दळणाचा डबा घेऊन वर येत होत्या. तो डबा त्यांच्या हातातून घेत, सहज विचारल्यासारखं, तो म्हणाला, "वहिनी, अनसूया कधी शीळ वगैरे घालायची का हो?"

"अय्या, म्हणजे काय!" त्या म्हणाल्या आणि त्यांचा चेहरा उजळला, मेलेल्या कुणाची चांगली आठवण निघाल्यासारखा. "तुम्ही फर्स्ट शिफ्टला गेलात की रोज. आमचे हे तर म्हणायचे, रेडिओ लावायची गरज नाही. रविवारी तुम्ही भाजीला गेलात की असायचं. तुमची स्कूटर फाटकात वाजली की..." आणि तिथे त्या थांबल्या. त्यांनी डबा परत घेतला. "बराच काळ झाला त्याला, भाऊजी," त्या म्हणाल्या आणि दार उघडून आत गेल्या.

त्यानं आपल्या घराचं कुलूप उघडलं. करारात हे घर त्याचं झालं होतं, भिंती, फरशी, गॅलरी, सगळं. आणि अकरा वर्षं रोज सकाळी सव्वासहा ते साडेनऊ या घरात काहीतरी वाजत होतं, या भिंतींनी ते ऐकलं होतं, शेजाऱ्यांच्या रेडिओनं त्याला जागा करून दिली होती, आणि तो दारात आला की ते सगळं तोंड मिटून उभं राहत होतं. तो बूट न काढता दिवाणावर बसून राहिला. फाटकाशी वळताना हॉर्न द्यायची त्याला सवय होती. तो आवाज आतून कसा ऐकू येत असेल, याचा त्यानं पहिल्यांदा विचार केला.

मे महिन्यात तारीख होती. न्यायाधीशांनी विचारलं, "कुणाची जबरदस्ती नाही ना?" अनसूया म्हणाली, "नाही." उपेंद्र म्हणाला, "नाही." "वाटणी दोघांना मान्य?" "मान्य." तिनं ती तिसरी, पिवळी साडी नेसली होती आणि ती जाड झाली होती थोडी, गालांवर. कारकुनानं कागद पुढे सरकवले. तिनं सही केली ती वाकून, पटकन, एका झटक्यात. त्यानं प्रत्येक पानावर अक्षर नीट काढलं. तेवढ्यात संपलं. बाहेर व्हरांड्यात वकिलांनी दोघांना हात जोडले, उपेंद्रचा हात जरा जास्त वेळ धरला, आणि ते दुसऱ्या पक्षकारांकडे वळले.

ती जायला निघाली होती. काय बोलायचं ते त्यानं ठरवलं होतं, महिनाभर ठरवत होता. बोलायचं इतकंच, की नीट राहा. ती पर्सची चेन लावत होती, ऊन व्हरांड्याच्या पायरीपर्यंत आलं होतं, आणि तिच्या चेहऱ्यावर असं काहीतरी मोकळं होतं, सगळं आवरून झाल्यावर दिसावं तसं, की त्याच्या तोंडून निघून गेलं, "शीळ घालतेस म्हणे तू."

तिचा हात चेनवर थांबला. "कोण म्हणालं?"

"तानुबाई."

"हो का," अनसूया म्हणाली.

एवढंच. पण तो 'हो का' त्याच्या ओळखीचा होता. 'त्या फोटोवाल्याकडे बघून फार हसलीस' याला हेच उत्तर आलं होतं, आणि त्यानंतर ती फोटोत हसली नाही. 'गॅलरीत फार वेळ उभी असतेस', हो का, आणि गॅलरीत नुसते कपडे वाळत राहिले. 'तो हिरवा रंग जरा जास्तच उठून दिसतो तुला.' हो का. भांडण नाही, रडणं नाही. तिच्या चेहऱ्यावरून एक गोष्ट आत जायची आणि दार लागायचं, आणि पुन्हा ती गोष्ट कुठे दिसायची नाही. आताही तो ते समोर घडताना बघत होता. तिचे ओठ एकमेकांवर किंचित दाबले गेले.

"चांगलं आहे," तो घाईनं म्हणाला. "म्हणजे, मला आवडलं ऐकून. घालत जा." आणि हे आपण परवानगी दिल्यासारखं बोललो, हे त्याला बोलता बोलताच कळलं.

"येते," ती म्हणाली. पायऱ्या उतरून, डोक्यावर पदर घेऊन ती उन्हातून रिक्षांच्या रांगेकडे गेली. तिनं मागे पाहिलं नाही. तो व्हरांड्यात खांबाला टेकून उभा राहिला. उद्या सकाळी पेठ नाक्याच्या त्या गल्लीत सहा वाजतील, दूध येईल, तानुबाई अंगण झाडतील, गिरणीवाला शटर वर करून थोडा वेळ वाट बघेल, आणि माडीवर काही वाजणार नाही. कदाचित परवाही नाही. हे आपण केलं, एका वाक्यात, सगळ्या सह्या होऊन गेल्यावर, हे त्याला लख्ख दिसलं. पण त्याच्याही आधी, अगदी क्षणभर, ती 'हो का' म्हणाली तेव्हा, कित्येक महिन्यांत वाटलं नव्हतं इतकं त्याला बरं वाटलं होतं. तेही त्याला दिसलं.